चटईक्षेत्र वाढते, धरण वाढत नाही : पुण्याच्या विस्ताराचा आणि पाण्याचा हिशेब एकत्र कसा मांडावा?

मुठाकाठ (धागाकर्ता)

आमच्या भागातील चार-पाच रहिवासी मिळून विकास आराखड्यावर द्यायच्या हरकती-सूचनांचे एक टिपण तयार करीत आहोत. रस्तारुंदी, उद्याने आणि शाळांची आरक्षणे यांवर लिहायला माणसे लगेच मिळाली. पाण्याचे प्रकरण कोणी घेईना, म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. मी या विषयातला तज्ज्ञ नाही, तरीही आकडे मांडायला बसल्यावर जे दिसले ते येथे ठेवतो. जाणकारांनी चुका दाखवाव्यात, म्हणजे टिपण कच्चे राहणार नाही.

पुण्याने पाण्याची तजवीज वस्तीच्या आधी केल्याची उदाहरणे आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळ शहरात आणला गेला आणि पेठांतील हौद त्यावर भरू लागले. 1879 साली खडकवासला धरण पुरे झाले, तेव्हा आजच्या उपनगरांच्या जागी शेते आणि माळ होते. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही गेले. ती धरणे पुन्हा उभी राहिली आणि पुढे वरसगाव व टेमघर यांची भर पडली. आज या चार धरणांचा एकत्रित उपयुक्त साठा 29.15 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे : वरसगाव 12.82, पानशेत 10.65, टेमघर 3.71 आणि खडकवासला 1.97. शहराला आणि नव्या मुठा उजव्या कालव्यावरील शेतीला मिळून एवढेच ताट वाढलेले आहे. पूर्व भागासाठी 2021 पासून भामा आसखेडचे पाणी आले, त्याचा मंजूर कोटा सुमारे 2.6 टीएमसी आहे.

आता शहराकडे पाहू. 2011 च्या जनगणनेत महापालिका हद्दीत 31 लाख 24 हजार माणसे होती. त्यानंतर 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे समाविष्ट झाली आणि हद्द 500 चौरस किलोमीटरच्या पुढे गेली (त्यांतील फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे पुढे वगळली गेली). 2020 च्या अखेरीस एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. मेट्रो स्थानकांच्या परिसरात तर चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) 4 पर्यंत नेण्याची मुभा आहे. यांतील प्रत्येक निर्णय जमिनीबद्दलचा म्हणून घेतला गेला, परंतु त्यातून पाण्याची मागणीही ठरून गेली, आणि त्या मागणीचा आकडा निर्णयाच्या कागदावर कोठेही लिहिलेला नव्हता.

म्हणून मी एक ढोबळ हिशेब केला. माणशी दररोज 135 लिटर हे प्रचलित मानक धरले, तर 10 लाख माणसांना वर्षाला सुमारे 1.74 टीएमसी पाणी नळाच्या तोंडाशी लागते. महापालिकेच्याच कागदपत्रांत गळती आणि बेहिशेबी पाणी मिळून सुमारे 40 टक्के असल्याचे म्हटले जाते. तेवढी घट धरली, तर त्याच 10 लाखांसाठी धरणातून 2.9 टीएमसी उचलावे लागते. हद्दीत 10 लाखांची भर पडणे म्हणजे टेमघर धरणाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक साठा एकट्या त्या वस्तीसाठी बाजूला काढणे होय.

आणखी एक उदाहरण भूखंडाच्या पातळीवरचे. एक हेक्टर जागेवर निर्देशांक 1.1 असेल तर 11,000 चौरस मीटर बांधकाम होईल. सरासरी 80 चौरस मीटरचा फ्लॅट आणि घरात चार माणसे धरली, तर तेथे सुमारे 550 माणसे राहतील आणि त्यांना दररोज 74,000 लिटर पाणी लागेल. निर्देशांक 4 झाला की त्याच जागेवर 2,000 माणसे येतात आणि मागणी 2 लाख 70 हजार लिटरांवर जाते, म्हणजे 10,000 लिटरचे 27 टँकर रोज. मूळ निर्देशांकाखेरीज मिळणारे अनुषंगिक क्षेत्र मी यात धरलेले नाही.

माझी सूचना अशी आहे की ज्या भागात निर्देशांक वाढवायचा किंवा शेतीक्षेत्राचे निवासी क्षेत्र करायचे, त्या भागासाठी उपलब्ध पाण्याचा दाखला आधी जाहीर करावा आणि बांधकाम परवानग्या त्या दाखल्याच्या मर्यादेतच टप्प्याटप्प्याने द्याव्यात. आज क्रम उलटा आहे. महापालिकेचे पाणी पोहोचेपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू, असे हमीपत्र विकसक देतो, इमारत उभी राहते, भोगवटा प्रमाणपत्र मिळते आणि त्या हमीपत्राची झळ पुढे सोसायटीला लागते.

टेलचा शेतकरी

धागा वाचला. मी इंदापूर तालुक्यातला, कालव्याच्या शेवटच्या टप्प्यातला. शहरातील माणूस पाण्याचा हिशेब मांडतो तेव्हा तो धरणापासून नळापर्यंत मांडतो. आमचा हिशेब खडकवासल्यातून निघणाऱ्या कालव्याच्या मुखापाशी सुरू होतो आणि दोनशे किलोमीटरच्या कालव्याने येतो. हवेली आणि दौंडमधून पाणी पुढे सरकले तर आमच्यापर्यंत पोहोचते. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत उन्हाळी आवर्तन (कालव्यात पाणी सोडण्याची पाळी) एक मिळणार की दोन, यावर आमचा उभा ऊस आणि फळबाग ठरते.

महापालिकेचा करार साडेअकरा टीएमसीचा होता आणि त्याबदल्यात साडेसहा टीएमसी शुद्ध केलेले सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलवरून (पाणी उपसण्याच्या विहिरीवरून) शेतीसाठीच्या बेबी कालव्यात सोडायचे होते. उचल कराराहून जास्त होत राहिली, हे सर्वांना माहीत आहे. बेबी कालव्यात येणारे पाणी किती आणि कसल्या दर्जाचे असते, ते पाहण्यासाठी आपण एकदा कालव्याच्या कडेने चालत यावे. राहिलेले मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते, तेथून पुढे सोलापूर जिल्हा तेच पाणी वापरतो.

आपल्या सूचनेतील दाखला कोणत्या पाण्याचा असेल, हा माझा प्रश्न आहे. जलसंपदा विभागाने मंजूर केलेल्या कोट्याचा, की प्रत्यक्ष उचलल्या जाणाऱ्या पाण्याचा? दुसरा अर्थ घेतला, तर आमच्या आवर्तनातून गेलेल्या पाण्यावर निर्देशांक वाढवायला तो अधिकृत कागद होईल.

नकाशे-आणि-नियम

नगररचनेच्या व्यवसायात पंचवीस वर्षे आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. धागाकर्त्यांचे निदान बरोबर आहे, मात्र उपायातील एक धोका त्यांच्या लक्षात आलेला दिसत नाही.

प्रथम कायद्याचे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 22 मध्ये विकास आराखड्यात कोणत्या बाबी असाव्यात हे सांगितले आहे आणि त्यात पाणीपुरवठा व मलनिःसारण यांचा उल्लेख आहे. व्यवहारात या कलमाचे पालन म्हणजे पाण्याच्या टाक्यांसाठी आणि शुद्धीकरण केंद्रांसाठी नकाशावर जागा आरक्षित करणे एवढेच उरते. टाकीला जागा दिली, पण तिच्यात पाणी कोठून येणार हे आराखड्याने सांगायचे नसते, कारण पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे आणि त्याच्या वाटपाची चौकट 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने ठरते. आराखडा वीस वर्षांचा असतो आणि महापालिकेचे पाण्याचे अंदाजपत्रक वर्षावर्षाने मंजूर होते. या दोन घड्याळांचे काटे कधीच जुळत नाहीत.

आता धोका. हद्दीत परवानग्या रोखल्या तर मागणी थांबत नाही, ती हद्दीबाहेर सरकते. ज्याला 45 लाखांत घर हवे आहे तो मेट्रोजवळ मिळाले नाही म्हणून पुण्यात येणे सोडत नाही. तो महापालिकेबाहेर, महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत, ग्रामपंचायतीच्या नळयोजनेवर आणि बोअरवर उभ्या असलेल्या प्रकल्पात घर घेतो. पाच-दहा वर्षांनी ते गाव महापालिकेत येते आणि तहान शहराच्या खात्यावर जमा होते. 2017 आणि 2021 च्या समावेशात बऱ्याच अंशी हेच झाले. मेट्रोजवळची दाट वस्ती माणशी कमी लांबीच्या नळात भागते, तेथे मीटर बसवणे सोपे जाते आणि सांडपाणी एका ठिकाणी गोळा करता येते. म्हणून निर्देशांक 4 हा खलनायक ठरवण्याआधी थोडे थांबावे, असे मला वाटते. तोच निर्देशांक नळाच्या टोकाला असलेल्या माळरानावर हस्तांतरणीय विकास हक्क (एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरणे) आणि अधिमूल्य चटईक्षेत्र (पैसे भरून मिळणारे जादा बांधकाम) यांच्या वाटेने पोहोचतो, तेथे माझा खरा आक्षेप आहे.

2017 मध्ये बाणेर-बालेवाडीच्या पाणीटंचाईवरील जनहित याचिकेत उच्च न्यायालयाने तेथील नव्या बांधकाम परवानग्यांना मनाई केली होती, हे आपल्याला आठवत असेल. त्या आदेशामुळे शहरात पहिल्यांदा जमीन आणि पाणी हे दोन विषय एका टेबलावर आले. परंतु दोन उपनगरांपुरती मनाई हा नियोजनाचा मार्ग होऊ शकत नाही.

बाणेरची सोसायटी

नकाशे-आणि-नियम यांनी बालेवाडीचा विषय काढला म्हणून लिहिते. मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे. फ्लॅट घेताना माहितीपत्रकात तरणतलावाचे चित्र होते. हमीपत्राची प्रत मात्र आम्हाला हस्तांतरणानंतर दोन वर्षांनी, पुष्कळ पत्रव्यवहार केल्यावर मिळाली. मासिक देखभाल खर्चातील सर्वांत मोठी रक्कम उन्हाळ्यात टँकरवर जाते आणि तोच टँकर मार्चपासून आधी किती दिवस सांगितल्यावर मिळेल, यावरून आमच्या सभेत भांडणे होतात. पाणीपट्टी मिळकत करासोबत भरतोच. तरणतलाव गेली तीन वर्षे कोरडा आहे, मुले त्यात क्रिकेट खेळतात.

एकच सूचना करते. दाखला असो वा हमीपत्र, ते विक्री-करारनाम्याला जोडलेच पाहिजे आणि महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर दिसले पाहिजे.

फिनिक्समधून

मूळचा कोथरूडचा, आता अमेरिकेत ॲरिझोना राज्यात राहतो. धागाकर्ते म्हणतात तसा दाखला येथे खरोखर अस्तित्वात आहे, म्हणून त्याचा अनुभव सांगतो. 1980 च्या भूजल कायद्यानुसार येथील मोठ्या शहरी क्षेत्रांत नवी वसाहत पाडून भूखंड विकायचे असतील, तर 100 वर्षे पुरेल इतके पाणी असल्याचे आधी सिद्ध करावे लागते. 2023 च्या जूनमध्ये राज्याने फिनिक्स परिसरात केवळ भूजलाच्या भरवशावर असे नवे दाखले देणे थांबवले. ज्यांच्याकडे आधीचा दाखला होता किंवा नदीचे पाणी होते, त्यांची बांधकामे चालू राहिली.

त्याला पळवाटही आहे. ही अट सहा किंवा त्याहून अधिक भूखंडांच्या वसाहतीलाच लागू होते, त्यामुळे जमिनीचे पाच-पाच तुकडे करून विकण्याची पद्धत पडली. रिओ वेर्दे फूटहिल्स नावाची वस्ती अशीच वाढली आणि शेजारच्या स्कॉट्सडेल शहरातून टँकरने येणाऱ्या पाण्यावर जगू लागली. 2023 च्या पहिल्या दिवशी स्कॉट्सडेलने आपले पाणी आधी आपल्या रहिवाशांना असे म्हणून ते बंद केले. लाखो डॉलरांच्या घरांतील लोक पावसाचे पाणी बादल्यांत धरू लागले.

नकाशे-आणि-नियम

पाच-पाच तुकडे! आपण याला गुंठेवारी म्हणतो. दाखल्याची अट मोठ्या प्रकल्पांनाच लावली, तर पुण्यातही पहिला परिणाम हाच होईल.

वाहिन्यांचा माणूस

पाणीपुरवठ्याच्या कामांत ठेकेदाराकडे अभियंता म्हणून काम केले आहे. धागाकर्त्यांनी 40 टक्के गळती गृहीत धरून गणित केले आणि पुढे सरकले. मी तेथेच थांबतो, कारण सगळे उत्तर तेथे आहे असे मला वाटते.

साडेअकरा टीएमसी म्हणजे दररोज सुमारे 89 कोटी लिटर. हे सगळे नळापर्यंत पोहोचले, तर 135 लिटरच्या मानकाने 66 लाख माणसांना पुरते. 20 टक्के घट धरली तर 53 लाखांना, आणि 40 टक्के धरली तर जेमतेम 40 लाखांना. धरण तेच, करार तोच, फरक फक्त रस्त्याखालच्या नळांचा. म्हणून समान पाणीपुरवठा योजनेकडे मी निव्वळ नळ बदलण्याचे काम म्हणून पाहत नाही. 2017 मध्ये महापालिकेने याच योजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले. नव्या टाक्या, नव्या वाहिन्या आणि मीटर अशी तिची रचना आहे. शहराचे छोटे विभाग करून प्रत्येक विभागात शिरणारे पाणी आणि मीटरवर नोंदले गेलेले पाणी यांची वजाबाकी करता येते, हा त्यातला गाभा आहे. ही वजाबाकी ज्या विभागात झाली, तेथे किती नवी माणसे सामावतील हे सांगता येईल. जेथे मीटरच नाहीत, तेथे आपला दाखला हा अंदाजपंचे दाहोदरसेचा प्रकार होईल.

मीटरला विरोध कोणाचा असतो, हे मी सांगत बसत नाही. निवडणुका आल्या की मीटरच्या पेट्यांवर धूळ बसते, एवढेच पाहिले आहे.

टेलचा शेतकरी

वाहिन्यांचा माणूस यांचे गणित मला पटले, पण त्यात एक अर्थ दडलेला आहे. शहराने गळती कमी करून जे पाणी वाचवले, ते कोणाचे? 66 लाखांचा आकडा वाचून कोणी म्हणेल की पाहा, साडेअकरात अजून पंचवीस लाख माणसे बसतात, वाढवा निर्देशांक. म्हणजे वाचलेला थेंबही कालव्याकडे यायचा नाही. करारापेक्षा जास्त होणारी उचल आधी खाली यावी आणि मग नव्या माणसांचा विचार व्हावा.

आणि धरणातले पाणी बंद नळाने न्यायचे म्हटले की काय होते, हे मावळात 2011 च्या ऑगस्टमध्ये दिसले. पवना बंद जलवाहिनीच्या विरोधातील आंदोलनावर बऊरजवळ गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. पिंपरी-चिंचवडची लोकवस्ती वाढत राहिली, ती योजना रखडली आणि 2019 च्या नोव्हेंबरपासून तेथे दिवसाआड पाणी सुरू झाले.

विहीर-झरा

येथे धरणांवर भरपूर चर्चा झाली, म्हणून मी पायाखालच्या पाण्याबद्दल बोलतो. पुणे बेसाल्ट खडकावर वसले आहे. हा खडक थराथरांचा आहे : भेगाळलेला आणि सच्छिद्र थर पाणी धरतो, घट्ट थर ते अडवतो. पाणी मुरते ते प्रामुख्याने टेकड्यांच्या उतारांवर आणि ओढ्यांच्या काठांवर, आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. त्या उतारावर तळघरांचे दोन मजले खणले की थर कापला जातो आणि झऱ्याचे पाणी पंपाने गटारात सोडावे लागते. पावसाळ्यात बांधकामाच्या खड्ड्यातून दिवसरात्र पाणी उपसणारे पंप आपण सर्वांनी पाहिले आहेत. तीच इमारत पुढे उन्हाळ्यात टँकर मागवते आणि तो टँकर बहुधा दुसऱ्या गावच्या विहिरीवर भरलेला असतो.

1997 मध्ये महापालिकेत आलेल्या गावांतील टेकड्यांवर सुमारे 976 हेक्टरचे जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण टाकले गेले. त्याची चर्चा कायम झाडे आणि हवा यांच्या अंगाने होते, जमीनमालकांना मोबदला म्हणून द्यायच्या 8 टक्के विकास हक्कांवरून भांडण होते. पाणी मुरण्याची जागा म्हणून त्याचा विचार फारसा होत नाही. पुनर्भरणक्षेत्र ही जमीनवापराची स्वतंत्र वर्गवारी आराखड्यात असावी, ही माझी सूचना टिपणात घ्यावी.

गच्चीवरच्या पावसाबद्दल मात्र भ्रम नको. धागाकर्त्यांच्याच एक हेक्टरच्या उदाहरणात 3,000 चौरस मीटर गच्ची आणि 700 मिलिमीटर पाऊस धरला, त्यातील 80 टक्के हाती आला असे मानले, तर वर्षाला सुमारे 17 लाख लिटर जमतील. 550 माणसांच्या वस्तीला ते तेवीस दिवस पुरतात, 2,000 माणसांना सहा दिवस. पर्जन्यजल संधारणाची अट पूर्ण केली म्हणून निर्देशांकाची भरपाई झाली, असा जो सूर लावला जातो, तो या हिशेबापुढे टिकत नाही.

सहज एक प्रश्न

मुळशीचे पाणी आणले की प्रश्न सुटणार नाही का? तेथे भरपूर पाणी आहे.

नकाशे-आणि-नियम

मुळशी धरण टाटांच्या वीजनिर्मितीसाठी बांधले गेले आणि त्याचे पाणी सह्याद्रीखाली कोकणात उतरते. ते पुण्याकडे वळवण्याची मागणी जुनी आहे. परंतु सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ज्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सत्याग्रह झाला, तेथील गावांची आजची तहान आधी मोजावी लागेल. शिवाय आपण कृष्णा खोऱ्यात आहोत आणि येथील पाण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाचे राज्यनिहाय वाटप आहे. पाणी आलेच तर ते पाच टीएमसीच्या आसपास असेल, अशी मागणीची भाषा आहे. धागाकर्त्यांच्या दराने, गळती न घटता, ते सतरा लाख माणसांत संपते. हद्दवाढ ज्या वेगाने झाली तो पाहता, जलवाहिनी टाकून होईपर्यंत ती माणसे आलेली असतील.

मुठाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. टिपण बरेच बदलावे लागत आहे, आणि ते योग्यच आहे.

टेलचा शेतकरी यांचा पहिला प्रश्न मी टाळला होता, कारण त्याचे उत्तर मला गैरसोयीचे होते. दाखला मंजूर कोट्यावरच द्यायचा, प्रत्यक्ष उचलीवर नाही, असे आता लिहिले आहे. तसे केले, तर शहराच्या बऱ्याच भागांत आज एकही नवा दाखला निघणार नाही, हे मला दिसते. आमच्या गटातील दोघांना ही अट फार कडक वाटते. त्यांतील एकाने स्वतःच नव्या प्रकल्पात घर नोंदवले आहे, आणि त्याने ते लपवले नाही. गळतीतून वाचलेले पाणी आधी जादा उचल कमी करण्यास वापरावे आणि त्यानंतरच नव्या परवानग्यांकडे वळवावे, हा क्रमही घेतला आहे.

नकाशे-आणि-नियम यांचा हद्दीबाहेर सरकण्याचा मुद्दा माझ्या सूचनेला सर्वांत अडचणीचा ठरला. त्यावर मला एवढेच सुचते की दाखला महापालिकेच्या हद्दीसाठी न काढता महानगर प्रदेशासाठी, धरणसमूहानुसार काढावा, म्हणजे खडकवासला, पवना आणि भामा आसखेड यांची तीन वेगळी खाती असतील आणि त्या खात्यावरचे गाव कोणत्या कार्यालयाच्या नकाशात आहे याने फरक पडणार नाही. अशी खाती कोणी ठेवायची, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

नकाशे-आणि-नियम

हे सगळे लिहाल, तर सुनावणीत आपल्याला दोन मिनिटे मिळतील आणि नियोजन समिती सौजन्याने ऐकून घेईल. म्हणून एक व्यावहारिक सल्ला देतो. आराखड्याच्या अहवालात प्रत्येक विभागाची प्रस्तावित लोकसंख्या देणारा तक्ता असतो. आपल्या हरकतीत एवढेच मागा की त्या तक्त्यात तीन रकाने वाढवावेत : त्या लोकसंख्येला लागणारे पाणी, ते ज्या धरणातून यायचे त्याचे नाव, आणि त्या धरणावरील मंजूर कोट्यातून आजवर वाटून झालेले पाणी. धोरण मागितले की ते शासनाकडे पाठवले जाते. रकाना मागितला, तर नाकारण्याचे कारण लिहावे लागते.

टेलचा शेतकरी

चौथा रकाना घाला. त्या पाण्यातून शुद्ध होऊन बेबी कालव्यात किती परत येणार, आणि कोणत्या वर्षापासून.

मुठाकाठ (धागाकर्ता)

घातला. सुधारित मसुदा रविवारी याच धाग्यावर टाकतो. बाणेरची सोसायटी, आपल्या हमीपत्राची नावे आणि पत्ते झाकलेली प्रत मिळाली, तर ती परिशिष्ट म्हणून जोडता येईल.